उन्हाचा जमाखर्च

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेऊ. या टेबलावर पत्र्याचे तीन डबे ठेवले आहेत. तिन्ही एकाच मापाचे, एकाच दुकानातून आणलेले. पहिला आणला तसाच चकचकीत आहे. दुसरा आम्ही रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळीने काळा केला. तिसऱ्याला बाहेरून पांढरा रंग दिला. आता एकाच पातेल्यातले उकळते पाणी तिन्हींत सारख्या मापाने ओतू आणि झाकणे लावू. पुढे बसलेल्या पोरांपैकी एकाने थर्मामीटर घेऊन इथे बसावे. आमचे बोलणे संपेपर्यंत डब्यांना हात लावायचा नाही. कोणता डबा आधी निवेल आणि कोणता शेवटपर्यंत गरम राहील, ते प्रत्येकाने मनाशी ठरवून ठेवा. शेवटी हिशेब करू.

दरवेळी आम्ही तुमच्यापुढे भावाचा हिशेब मांडतो. कापसाला खर्च किती आला, हाती काय पडले, मधला पैसा कुठे गेला, हे तुम्हाला आता आमच्यापेक्षा चांगले सांगता येते. आज दुसरा हिशेब मांडायचा आहे. तो उन्हाचा. होळी पेटून गेली आहे. अजून महिन्याभराने दुपारी बाराला गावातला रस्ता ओस पडेल. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, ते आठवा. त्या दिवसांत माणसे मरतात, गुरे मरतात, आणि सगळी रानातच मरतात असे नाही. घरातल्या खाटेवर पडलेली म्हातारी माणसेही जातात. अंगावर छप्पर असते, पण ते छप्परच तापलेले असते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावोगाव हिंडत होतो. एका गावात एका मावशीने नवे घर दाखवले. आधी कवेलूचे होते, आता वर टिनाचा पत्रा आला. मावशी म्हणाल्या, "भाऊ, घर पक्कं झालं, पन दुपारी घरात बसवत नाही. आमी सारे निंबाखाली बसतो." घर बांधले माणसासाठी आणि दुपारी माणूस झाडाखाली! आत काय होते म्हणाल, तर भाव वाढेल या आशेने भरून ठेवलेला कापूस. म्हणजे कापूस घरात आणि घरधनी उन्हात.

आपल्या आज्यापणज्यांचे धाब्याचे घर थंड का राहायचे, कारण वर हातभर मातीचा थर होता. ती तापायलाच संध्याकाळ व्हायची. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची. पत्र्याला जाडी नाही आणि फटही नाही. त्याचा वरचा पृष्ठभाग जसा असेल, तसे त्याच्याखालच्या माणसाचे नशीब. म्हणून पत्र्याचा रंग आणि पत्र्याचा पोत, या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. यात शोभेचा प्रश्न नाही, खालच्या माणसाच्या जिवाचा आहे.

आधी ऊन किती पडते ते पाहू. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी उष्णता पडते. दहा बाय दहा फुटांची खोली धरा. तिच्या छपरावर नऊ हजार वॅटच्या वर उष्णता येते. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर ३,७०० वॅटच्या आसपास असते. म्हणजे एका लहानशा खोलीवर अडीच मोटरींइतकी शक्ती दुपारी ओतली जाते, आणि तिचे बिलही येत नाही. यातली किती आत घ्यायची आणि किती परत पाठवायची, हे छपराचा पृष्ठभाग ठरवतो.

घरच्या व्यवहारात जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात, तशाच छपराच्याही असतात. जमा बाजूला ऊन. ऊन हा डोळ्यांना दिसणारा उजेड आहे आणि त्याच्यासोबत न दिसणारी किरणेही आहेत. इथे रंग कामाला येतो. काळी वस्तू बहुतेक ऊन गिळते, पांढरी वस्तू बहुतेक परत फेकते. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. काळी छत्री आणि पांढरे धोतर यांतला फरक तुम्हाला अंगानेच कळतो.

आता खर्चाची बाजू. घेतलेली उष्णता छपराला तीन वाटांनी टाकता येते. एक, वारा घेऊन जातो. दोन, खाली घरात. तीन, वर आकाशाकडे, किरणांच्या रूपाने. ही किरणे दिसत नाहीत, पण ती असतात. चूल विझल्यावर तिच्या तोंडासमोर तळहात धरून पाहा. जाळ नाही, उजेड नाही, तरी तळहाताला ऊब लागते. तीच ही किरणे. प्रत्येक तापलेली वस्तू ती सोडत असते. जमीन सोडते, पान सोडते, तुमचे-आमचे अंगही सोडते.

याचा पुरावा तुमच्या शेतातच आहे. दिवाळीच्या सुमारास आभाळ स्वच्छ असेल तर पहाटे ज्वारीच्या पानांवर दव असते. कारण रात्रभर पाने आकाशाकडे उष्णता टाकत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्याच शेतात बाभळीखालच्या पानांवर दव कमी असते, कारण डोक्यावरची बाभूळ त्यांना आकाश दिसू देत नाही. ढगाळ रात्रीही दव पडत नाही. म्हणजे खर्चाची ही वाट खरी आहे, आणि ती दिवसा-रात्री चालू असते.

खरी मेख पुढे आहे. जमेच्या बाजूला रंग चालतो, खर्चाच्या बाजूला रंग चालत नाही. तिथे वस्तू कशाची आणि तिचा पोत कसा, हे चालते. १८०४ साली स्कॉटलंडमधले जॉन लेस्ली यांनी आपल्या प्रयोगांचे पुस्तक छापले. त्यांनी पत्र्याचा चौकोनी डबा घेतला, प्रत्येक बाजू वेगळी केली, आत गरम पाणी भरले आणि कोणती बाजू किती उष्णता बाहेर टाकते ते मोजले. काजळीच्या बाजूला १०० धरले, तर लिहिण्याच्या पांढऱ्या कागदाची बाजू ९८ निघाली. आणि चकचकीत कल्हईच्या पत्र्याची बाजू? अवघी १२. काळी काजळी आणि पांढरा कागद जवळपास सारखे आणि चकचकीत धातू पार मागे!

हे कसे, असे विचाराल. चुना, रंग, कागद, माती, विटा, पाने, माणसाची कातडी, या सगळ्या वस्तू त्या न दिसणाऱ्या किरणांच्या बाबतीत काळ्याच आहेत. आपल्या डोळ्यांना चुना पांढरा दिसतो, तो उन्हापुरता. उष्णता बाहेर टाकताना तो काजळीच्या तोडीस तोड आहे. उघडा, घासलेला धातू मात्र कंजूष. तो ऊन परत फेकतो हे खरे, पण जे थोडे आत घेतले ते सोडतच नाही.

आता खतावणी मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेबाला पुरतात. नवा जस्ताचा पत्रा शंभरातले साधारण ४० भाग ऊन जमा करतो. किरणांनी उष्णता टाकण्याची त्याची ताकद मात्र शंभरात १० ते २५. पांढरा रंग दिलेला पत्रा २० ते ३० भाग जमा करतो आणि त्याची खर्चाची ताकद ९० च्या घरात. काजळीने काळा झालेला पत्रा ९० च्या वर जमा करतो, खर्चही तेवढाच. जुना गंजका पत्रा खर्च करायला शिकतो, पण त्याची जमा ७० च्या आसपास गेलेली असते. या चौघांत ज्याच्याकडे जमा कमी आणि खर्च मोठा असा एकच आहे, तो पांढरा. आपल्या घरचा जमाखर्च असा झाला तर आपण बुडतो. छपराचा असा झाला तरच खालचा माणूस तरतो.

भावांनो, हे शहाणपण आम्हाला जन्मतः नव्हते. कृषी महाविद्यालयाची पदवी घेतलेले आम्ही, पुस्तकात हा धडा वाचून परीक्षेत लिहूनही आलो होतो. तरी आमच्या घरच्या गोठ्यावर पत्रे टाकले तेव्हा रंगाच्या दुकानदाराने सांगितले, "रुपेरी मारा साहेब, आरशासारखं चमकतं, ऊन टिकतच नाही." आम्हाला पटले. दोन हात रुपेरी रंग मारला. गोठा लांबून चमकायला लागला, गावाने कौतुक केले. वैशाखात आई गोठ्यात जाऊन आली आणि म्हणाली, "हे चकाकतं रे, पन निवत नाही."

पदवी आमच्याकडे होती आणि उत्तर आईकडे होते. रुपेरी रंगात अॅल्युमिनियमची भुकटी असते. तो ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, पण उष्णता बाहेर टाकण्यात साध्या पांढऱ्या रंगाच्या जेमतेम निम्मा. पुढच्या वर्षी आम्ही अर्ध्या गोठ्यावर पांढरा रंग दिला आणि अर्धा रुपेरीच ठेवला. दुपारी सगळी जनावरे पांढऱ्या अर्ध्यात येऊन बसू लागली. त्यांना कोणी शास्त्र शिकवले नव्हते. तेव्हापासून चकाकणे वेगळे आणि निवणे वेगळे, हे आम्ही विसरलो नाही. तुम्हीही विसरू नका.

आता प्रत्यक्ष काम.

पहिले, सिमेंटचा स्लॅब, सिमेंटचे पत्रे आणि भिंती. यांना चुना उत्तम. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विझवा, रात्रभर मुरू द्या, फडक्यातून गाळा, थोडा सरस किंवा डिंक घाला आणि दोन हात द्या. चुना विझवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि चुन्यात पाणी ओतू नका, पाण्यात चुना थोडा थोडा टाका. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय देऊ नका. आडव्या फळ्या टाकून, जिथे खालून लाकडाचा किंवा लोखंडाचा आधार आहे तिथूनच चाला. दरवर्षी पत्र्यावरून पडून हात-पाय मोडल्याच्या बातम्या आपण ऐकतो.

दुसरे, टिनाचा म्हणजे जस्ताचा पत्रा. इथे स्वस्तात सुटका आहे असे आम्ही सांगणार नाही. नव्या गुळगुळीत पत्र्यावर चुना धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो, आणि ओला चुना जस्ताला खातो. पत्रा आधी घासून धुवा, प्रायमर द्या आणि मग बाहेरच्या भिंतींसाठी मिळतो तो पाण्यात कालवायचा पांढरा रंग द्या. तो चमकदार नसला तरी चालेल. पांढरा पाहिजे, एवढेच. कोणत्याही मिश्रणात मीठ घालू नका, पत्रा गंजेल.

तिसरे, धूळ. आपल्याकडे मार्चपासून वावटळी सुरू होतात. पांढऱ्यावर काळ्या मातीची धूळ बसली की त्याची जमा पुन्हा वाढते. पाण्याची टंचाई आम्हाला ठाऊक आहे, म्हणून धुवा असे म्हणत नाही. खराट्याने झाडा.

चौथे, पत्र्याची खालची बाजू. इथे हिशेब उलटा होतो. वरच्या बाजूने खर्च मोठा हवा, खालच्या बाजूने छोटा, कारण खालचा खर्च आपल्या डोक्यावर होतो. खालून पत्रा चकचकीत असेल तर तो खाली कमी उष्णता टाकतो. चुलीच्या धुराने काजळला की तीच बाजू दुपारभर आपल्या टाळूवर शेक देते. म्हणून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत बांधा. मधली हवा खेळती ठेवा. चुलीच्या वर मात्र असे छत नको, आग लागेल.

एवढे करून घरात किती फरक पडतो? दोन ते पाच अंश. हे काही थंड हवेचे यंत्र नव्हे. लू चालू असेल तर दारातून गरम वारा येणारच. पाणी पिणे, दुपारचे काम टाळणे, म्हाताऱ्यांकडे आणि तान्ह्यांकडे लक्ष ठेवणे हे सुटत नाही. पण ४५ अंशांच्या दिवशी तीन अंश कमी म्हणजे काय, ते त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारा.

आता शेताकडे वळू. आपली जमीन काळी. तिचा काळेपणा म्हणजे तिची ताकद, पण उन्हाच्या हिशेबात ती मोठी जमा करणारी. उन्हाळ्यात उघड्या काळ्या रानाचा वरचा पापुद्रा ६० अंशांच्या वर तापतो. कोणी म्हणेल, तापू द्या, आम्ही तर त्यासाठीच नांगरून ठेवतो. बरोबर आहे. रिकाम्या रानात ती उष्णता कामाची आहे. नांगरटीने वर आलेले किडींचे कोष उन्हात मरतात. तिथे जमीन झाकू नका. पण पीक उभे आहे, ओल मोजकी आहे, तिथे तीच उष्णता ओल उडवते. रब्बी ज्वारी तर साठलेल्या ओलीवरच जगते. तिथे दोन ओळींमध्ये वाळलेला काडीकचरा पसरला, तर तो फिकट रंगाने ऊन परत फेकतो आणि खालच्या मातीवर सावली धरतो. पऱ्हाटीचा कुट्टा वापरणार असाल तर तिच्यावर किडकी बोंडे राहिलेली नाहीत ना, ते आधी पाहा. नाहीतर ओल वाचवायला गेलो आणि गुलाबी बोंडअळी पाळून ठेवली, असे व्हायचे. पेटवून देणे मात्र सोडा. पेटवलेल्या रानाची काजळी जमीन आणखी काळी करते.

केओलिनचेही तसेच. ती पांढरी माती असते. पाण्याचा ताण पडल्यावर ६ ते ८ टक्क्यांची, म्हणजे १० लिटर पाण्यात ६०० ते ८०० ग्रॅमची फवारणी केली की पानावर पांढरा थर बसतो, पान कमी तापते आणि पाणी कमी उडवते. द्रावण गाळून घ्या आणि ढवळत राहा, नाहीतर नोझल बुजेल. पहिल्या वर्षी चार तासांवरच करा, शेजारचे चार तास तसेच सोडा आणि डोळ्यांनी फरक पाहा. यातून पाऊस पडत नाही. आठ-दहा दिवसांची सवड मिळाली तरी खूप.

आणि हे ज्वारीला आधीपासून ठाऊक आहे. ज्वारीच्या ताटावर, पानाच्या देठाकडे बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागते. ते मेण आहे. ते ऊन परत फेकते आणि आतली ओल धरून ठेवते. ज्वारीने स्वतःला चुना लावून घेतलेला असतो, म्हणून ती कोरडवाहूत टिकते. वर्ध्याकडचा गवळाऊ बैल पांढरा आहे, तोही भर उन्हात औत ओढतो. काळ्या म्हशीला मात्र सावली आणि पाणी नसेल तर ती दूध आटवते. पिकाने आणि जनावराने जे ओळखले ते आपल्या छपराला अजून कळलेले नाही.

शहरे मात्र शिकू लागली आहेत. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करायला घेतली. आपल्या पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच काढले. मग आपल्या खेड्याने काय पाप केले आहे? घरकुलाच्या अंदाजपत्रकात पत्र्याचे पैसे मोजतात, त्याखाली झोपणाऱ्या माणसाला मोजत नाहीत. पांढऱ्या रंगाची एक ओळ त्यात वाढली पाहिजे. अंगणवाडी, शाळा आणि बाजार समितीची शेड, जिथे गाडी घेऊन आपण तासन् तास थांबतो, तिथली छपरे पांढरी झाली पाहिजेत. ही मागणी ग्रामसभेच्या ठरावाने लिहून घ्या, तोंडी नको.

पण ठरावाची वाट पाहत बसू नका. आमचे तुमच्याकडे मागणे लहान आहे. अक्षय्य तृतीयेच्या आत प्रत्येक गावात एक छप्पर पांढरे करा. ज्या घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण आहे, ते आधी निवडा. चार घरांनी मिळून रंग आणा आणि चार पोरांनी एक दिवस द्या. मग दुपारी दोनला शेजारच्या पत्र्याखाली पाच मिनिटे उभे राहा आणि या पत्र्याखाली पाच मिनिटे. पुढच्या बैठकीत येऊन सांगा. चुकले असेल तर तेही सांगा, आम्ही ऐकून घेऊ.

आता डबे पाहू. पोरा, थर्मामीटर टाक आणि मोठ्याने वाच. काळा आणि पांढरा यांत एका अंशाचाही फरक नाही म्हणतोस? आणि चकचकीत? सात अंशांनी जास्त. ऐकलेत ना? सुरुवातीला बऱ्याच जणांनी मनाशी धरले असेल की काळा शेवटपर्यंत गरम राहील. चकचकीत डब्याने उष्णता दाबून धरली, बाकी दोघांनी सोडून दिली. हेच डबे उद्या उन्हात ठेवले तर काळा सगळ्यात जास्त तापेल. घ्यायचे कमी आणि सोडायचे जास्त, हे दोन्ही ज्याला जमते तो एक पांढराच.

डबे घरी न्या, पोराबाळांना दाखवा. आणि हे पाणी फेकू नका, चहाला घ्या.

रामराम.